सजावटीचा गिलावा: जुन्या रंगाच्या भिंतीसाठी निवड कशी करावी आणि रंग कसा कालवावा

ज्यांच्या घरातल्या भिंतींना आधीच डिस्टेंपर, इमल्शन किंवा ऑइल पेंट दिलेला आहे आणि आता हॉलची किंवा देवघराची एखादी भिंत वेगळी करावी असं मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. काम स्वतः करणार असाल तरी उपयोगी पडेल आणि पेंटरकडून करून घेणार असाल तरी. काय मागायचं, काय तपासायचं आणि कुठे "थांबा" म्हणायचं एवढं माहीत असलं की निम्मे पैसे वाचतात.

सजावटीच्या गिलाव्यात रंग वरून लावलेला नसतो, मालातच कालवलेला असतो. थापी कुठे जोरात फिरली, कुठे हलकी, माल कुठे जाड बसला, कुठे पातळ, यावरून एकाच भिंतीत एकाच रंगाच्या दोनतीन छटा उमटतात. तीच त्याची शोभा. म्हणून दुकानातल्या अल्बमवर बोट ठेवून रंग ठरवू नये, असं मी प्रत्येकाला सांगतो. अल्बममधला तुकडा तळहाताएवढा असतो, कुणा दुसऱ्याच्या हातचा असतो आणि तुम्ही तो दुकानाच्या दिव्याखाली बघत असता. रंग ठरवायचा तो आपल्या घरात, पूर्ण थर दिलेल्या नमुन्यावर. आणि रंगाच्याही आधी भिंतीला कोणता गिलावा पेलेल ते बघायचं.

पहिलं काम: जुना रंग ओळखा

तळहात भिंतीवर दाबून फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर समजा. या भुकटीवर काहीही थापलं तरी ते भुकटीला चिकटतं, भिंतीला चिकटत नाही. वर्षभरात पापुद्रे निघतात. असा रंग पाणी मारून, पत्तीने पूर्ण खरवडून काढावा लागतो. त्याला दुसरा उपाय नाही, आणि "वरून प्रायमर मारला की झालं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

हाताला काही लागलं नाही तर मेडिकलमधून स्पिरिट आणा. कापसाचा बोळा त्यात भिजवून एकाच जागी जरा घासा. रंग मऊ पडून बोळ्याला लागला तर ते पाण्यात मिसळणारं इमल्शन आहे. काहीच निघालं नाही आणि भिंत चकाकते आहे, तर ऑइल पेंट. आपल्याकडच्या जुन्या घरांत जमिनीपासून चार फुटांपर्यंत ऑइल पेंट आणि वर डिस्टेंपर अशी पद्धत होती, त्यामुळे एकाच भिंतीत दोन प्रकार निघू शकतात. वर आणि खाली वेगवेगळं तपासा.

मग पकड बघा. ब्लेडने एकमेकींना छेदणाऱ्या पाचसहा उभ्या-आडव्या रेघा मारा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. रंगाचे चौकोन पट्टीबरोबर निघून आले तर त्या रंगाचा भरवसा संपला. हे खिडकीखाली, बाथरूमला लागून असलेल्या भागात आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर जरूर करा. सगळ्यात आधी सुटतो तो याच जागांवरचा रंग. शेवटी बोटाच्या पेराने ठोकत भिंतभर फिरा. जिथे आवाज पोकळ येतो तिथे खालचा सिमेंटचा गिलावाच सुटलेला असतो. तेवढा तुकडा फोडून गवंड्याकडून नव्याने करून घ्या, त्याला नीट पाणी द्या आणि महिनाभर वाळू द्या. ताज्या सिमेंटमधला क्षार रंग खातो.

इथे एक गंभीर गोष्ट. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त असू नये हा नियम भारतात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून, ओला ठेवून पॉलिश पेपरने घासा. चांगला मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर काम होईपर्यंत त्यांची सोय दुसरीकडे करा. निघालेला गाळ अंगणात किंवा कुंडीत टाकू नका.

ओल, लोणा आणि काळ्या मातीच्या भेगा

मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांचा पाया काळ्या मातीत आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतही तिच्याबरोबर हलते, आणि खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर चढत जाते. दर दिवाळीला पुट्टी भरायची आणि दर मे महिन्यात ती पुन्हा उघडलेली दिसायची, हा अनुभव पुष्कळांना असेल.

सजावटीच्या कामाआधी ही भेग जिवंत आहे की मेलेली, ते पाहावं लागतं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा आणि भेगेच्या मधोमध पीओपीचा एक पातळ टिकला द्या. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. टिकला तडकला किंवा भेग रेघेच्या पुढे गेली, तर त्या भिंतीवर गुळगुळीत, चमकदार काम करू नका. तशा कामात केसाएवढी भेगही लांबून दिसते. दाणेदार गिलावा बारीक भेगा बराच झाकतो. पण घरात दुसरी निरोगी भिंत असेल तर तीच निवडणं शहाणपणाचं. भेग नाणं आत जाण्याइतकी रुंद असेल तर रंगाचा विचार सोडा आणि आधी इंजिनिअरला दाखवा.

लोणा लागला असेल, म्हणजे भिंतीवर पांढरा खारट फुलोरा आला असेल, तर तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतला की मीठ विरघळून पुन्हा भिंतीतच जातं. ओल कुठून येते ते शोधायला दोन फूट लांबरुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा आणि दोन दिवसांनी पाहा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीच्या हवेतली आहे. पहिल्या प्रकारात नळाची गळती, गच्ची, मागची मोरी यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कूलरच्या झोतासमोरची भिंतही यातच धरा. चार महिने रोज दमट वारा खाणारी भिंत मेणाची चमक फार दिवस टिकवत नाही. कूलरची जागा बदलता येत असेल तर आधी ती बदला.

कोणता गिलावा निवडावा

दुकानात शंभर नावं ऐकू येतील. आपल्या कामापुरते तीन गट पुरेत.

पहिला दाणेदार अ‍ॅक्रिलिक टेक्स्चरचा. रोलरने किंवा थापीने लावतात, जाड बसतो, वाकडीतिकडी भिंत झाकतो. जुन्या इमल्शनवर, पकड चांगली असेल तर, प्रायमर मारून थेट चालतो. पण आपल्याकडच्या धुळीचा विचार करा. रस्त्यालगतचं घर असेल, समोर शेत किंवा कच्चा रस्ता असेल, तर प्रत्येक दाण्याच्या वर फुफाटा साठतो आणि दोन वर्षांत भिंत मळकट दिसू लागते. ओल्या फडक्याने पुसली की फडकं अडकतं आणि धूळ आणखी आत जाते. म्हणून खोलीच्या आत खोल खड्ड्यांचं टेक्स्चर मी सुचवत नाही. आडव्या रेघांचं तर मुळीच नाही, कारण धूळ आडव्या कडेवर बसते. रेघाच हव्या असतील तर उभ्या घ्या.

दुसरा गट बारीक अ‍ॅक्रिलिक स्टक्कोचा. हा मलईदार माल स्टीलच्या पत्तीने अगदी पातळ दोन-तीन थरांत देतात, वर हलकी चमक येते. नवख्याने सुरुवात याने करावी. जुन्या रंगावर बसतो, वास कमी, चूक झाली तर वाळल्यावर घासून पुढचा थर देता येतो, आणि सपाट असल्यामुळे धूळ सहज झटकली जाते.

तिसरा चुन्याचा गिलावा, ज्याला बाजारात इटालियन नावांनी ओळखतात. विझवलेला चुना आणि संगमरवराची भुकटी हा त्याचा गाभा. आपल्याला हे काम परकं नाही. गवंडी नीरूचं फिनिश म्हणतात तेही चुन्याचंच, आणि छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा हा याचा आपल्या हाताशी असलेला मोठा धडा आहे. सतराव्या शतकातल्या या वास्तूत संगमरवर आहे तो खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला. मधला मोठा भाग काळ्या बेसाल्ट दगडाचा असून त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा आहे. दगड कुठे संपतो आणि गिलावा कुठे सुरू होतो हे जवळ जाऊन बघा. घोटलेल्या चुन्याची चकाकी काचेसारखी वरवरची नसते, आतून येते. हे फोटोत कळत नाही.

मात्र चुन्याला रंगवलेली भिंत मानवत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, आणि त्या काळात त्याला थोडी ओल लागते. इमल्शन किंवा ऑइल पेंटचा थर प्लास्टिकचा. तो पाणी शोषत नाही, चुन्याला धरायला खाच देत नाही. त्यामुळे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे रंग आणि पुट्टी पार काढून सिमेंटचा किंवा चुन्याचा मूळ गिलावा उघडा करणं. दुसरी, पकड पक्की असलेल्या रंगावर त्याच कंपनीचा वाळूचे कण असलेला खडबडीत प्रायमर मारणं. डब्यावर "जुन्या रंगावर चालतो" असं स्पष्ट लिहिलं असेल तरच दुसरी वाट धरा.

माळवदाची (मातीच्या सपाट छताची) घरं आणि दगड-मातीचे जुने वाडे यांची गोष्ट वेगळी. त्या जाड भिंती ओल घेतात आणि सोडतात. त्यांच्यावर सिमेंट किंवा अ‍ॅक्रिलिकचा बंद थर दिला की ओल आतच कोंडते आणि गिलावा पोपडे धरून गळतो. तिथे चुना किंवा माती हेच योग्य. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखालचा गिलावा मातीचाच आहे, त्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत आणि वर चुन्याचा पातळ हात आहे. वेरूळच्या गिलाव्यात तर अंबाडीच्या जातकुळीतले नव्हे, चक्क भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. तंतू घालायचं कारण साधं आहे. माती वाळताना आकसते आणि तंतू तिला फुटू देत नाहीत.

स्वयंपाकघरात गॅसच्या मागे आणि न्हाणीघरात पहिल्याच प्रयत्नात यातलं काहीही करू नका. पीओपीही ओलीत टिकत नाही.

भिंत तयार करणं

ऑइल पेंट असेल तर ओल्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण मोडा. इमल्शन असेल तर साबणाच्या पाण्याने तेलाचे डाग काढा, स्वच्छ पाण्याने पुसा. देवघराच्या भिंतीवर समईची काजळी आणि तेलाचे हात असतात, तिथे दोनदा धुवा. मेलेल्या भेगा व्ही आकारात उघडून भरा. पुट्टी करून समपातळी घ्या आणि रात्री टॉर्च भिंतीला लागून आडवी धरून बघा. प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. खिडकीतून बाजूने ऊन येणाऱ्या भिंतीवर चमकदार काम केलं तर दिवसाही हेच दिसणार आहे, तेव्हा त्या भिंतीसाठी मंद चमकेचा माल घ्या. मग गिलाव्याच्या डब्यावर सांगितलेला प्रायमर मारा.

कडांना, स्विचच्या पेट्यांना आणि छताला कागदी टेप लावा. वीज बंद करून स्विचच्या प्लेटा काढून ठेवल्या तर काम फार नेटकं होतं.

नमुन्याची फळी

दोन फूट लांबरुंद सिमेंट शीट किंवा प्लायचे तीन-चार तुकडे आणा. त्यांना तोच प्रायमर, तेवढेच थर, तीच थापी आणि तोच हात. जो माणूस भिंत करणार आहे त्यानेच नमुना करायचा. फळीच्या अर्ध्या भागावर वरचं मेण किंवा सीलर लावा, अर्धा कोरा ठेवा. मेणाने छटा गडद होते, आणि किती गडद होते ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही.

पूर्ण वाळल्यावर फळी त्याच भिंतीला टेकवून उभी करा. जमिनीवर आडवी ठेवून पाहू नका, कारण उजेड वेगळा पडतो. सकाळी, दुपारी आणि रात्री बघा. आपल्याकडचं दुपारचं ऊन इतकं प्रखर असतं की पश्चिमेच्या खिडकीजवळ फिका रंग पांढराच दिसतो. रात्रीचं तर आणखी महत्त्वाचं. बहुतेक घरांत पांढऱ्या एलईडी ट्यूब असतात, त्यांच्या खोक्यावर ६५०० केल्विन (उजेड किती पांढरा की पिवळा ते सांगणारा आकडा) लिहिलेलं असतं. त्या उजेडात पिवळसर मातकट रंग फिका आणि थोडा हिरवट वाटतो. तोच रंग २७०० किंवा ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली उबदार दिसतो. रंग बदलण्यापेक्षा त्या भिंतीपुरता दिवा बदलणं कधीकधी स्वस्त पडतं. शक्यतो तीन-चार दिवस फळ्या तिथेच राहू द्या, घरातल्या सगळ्यांना बघू द्या.

रंग कालवणं

या भागात घाई करू नका.

रंग तीन रूपांत मिळतो. लहान बाटल्यांतलं पातळ स्टेनर, पुड्यांतले ऑक्साइड रंग, आणि काव (लाल माती), पिवडी (पिवळी माती) यांसारखे मातीचे रंग. अ‍ॅक्रिलिक मालात स्टेनर सगळ्यात सोपं. चुन्यात मात्र क्षार सोसणारेच रंग चालतात. लाल, पिवळा, काळा आयर्न ऑक्साइड, काव, पिवडी, क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा हे चुन्यात टिकतात. प्रशियन निळा चुन्यात मरतो, आणि पुष्कळसे भडक सेंद्रिय रंग काही महिन्यांत उडतात. अजिंठ्याचे चित्रकार काव, पिवडी, काजळी, हिरवी माती वापरत होते आणि ते रंग आजही ओळखू येतात. खनिज रंगांवर भरवसा ठेवायला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

आता वाळण्याचा फरक. चुन्याचा माल ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की खूपच फिका पडतो. अ‍ॅक्रिलिकचं उलटं. त्यातला बाइंडर (माल धरून ठेवणारा चिकट घटक) ओला असताना दुधाळ असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून रंग किंचित गडद होतो. बादलीत पाहून "अजून थोडा टाका" म्हणणाऱ्याला दोन्हीकडे फसायला होतं. प्रत्येक बदलानंतर फळीच्या तुकड्यावर फटका ओढा आणि वाळवून बघा. अ‍ॅक्रिलिकसाठी हेअर ड्रायर चालतो. चुन्यासाठी त्याने अंदाज येतो, खरा रंग दुसऱ्या दिवशीच कळतो.

साहित्य म्हणून एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि मेडिकलमधल्या सुईशिवायच्या दोन सिरिंज, एक ५ मिलीची आणि एक २० मिलीची, घ्या. थेंब मोजू नका, कारण प्रत्येक बाटलीचा थेंब वेगळा. एक वही ठेवा. तीत मालाचं वजन, कोणता रंग किती मिली, तारीख आणि त्या फळीचा नंबर लिहा. फळीच्या मागेही तोच नंबर लिहा.

उदाहरण घेऊ. भिंत १० फूट बाय ९ फूट, म्हणजे ९० चौरस फूट. समजा डब्यावर सगळे थर मिळून किलोला १० चौरस फूट असं लिहिलं आहे. मग ९ किलो लागेल. नवख्या हाताने माल जास्त जातो, खाली सांडतो, म्हणून ११ किलो धरा. आता ५०० ग्रॅम मालात पिवळ्या ऑक्साइडचं ४ मिली आणि लाल ऑक्साइडचं १ मिली स्टेनर घालून तुम्हाला हवा तो रंग मिळाला असेल, तर ११ किलो म्हणजे त्याच्या २२ पट. पिवळं ८८ मिली, लाल २२ मिली. यातलं नव्वद टक्केच आधी घाला, नीट घोटा, फटका वाळवून मूळ फळीशी जुळवा, मग उरलेलं थोडं थोडं घाला. घातलेला रंग परत काढता येत नाही.

स्टेनरची कमाल मर्यादा डब्यावर किंवा बाटलीवर दिलेली असते, ती ओलांडू नका. स्टेनरमध्ये बाइंडर नसतो. तो जास्त झाला की माल नीट धरत नाही, वाळूनही मऊ राहतो आणि पुसताना रंग फडक्याला येतो. चुन्यात पुडीचा रंग सुक्या चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवतात. नवख्याने पाच टक्क्यांपर्यंत थांबावं. पांढऱ्या मालात याहून गडद रंग येतच नाही, कितीही ओतलं तरी. कारण त्यात पांढरं रंगद्रव्य आधीच भरलेलं असतं. गर्द विटकरी किंवा बेसाल्टसारखा काळपट राखाडी हवा असेल तर दुकानदाराकडे डीप बेस (पांढरं रंगद्रव्य कमी असलेला माल) मागा आणि मशिनवर टिंट करून, म्हणजे रंग मिसळून घ्या.

पुडीचा रंग कोरडा टाकू नका. आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळा, मग मोजून घाला. नाहीतर थापी फिरवताना न विरघळलेली गुठळी फुटते आणि भिंतीवर लाल ओरखडा उमटतो. पाणी पिण्याचं वापरा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार वाळल्यावर गडद रंगावर पांढुरके दिसतात. माल श्रीखंडाइतका घट्ट राहिला पाहिजे. पाणी जास्त झालं की वाळताना तडे जातात.

रंग मंद करायचा असेल तर काळा टाकायची सवय सोडा. काळ्याने पिवळा हिरवट होतो आणि लाल मळका. लाल फार ओरडत असेल तर हिरव्याचा अगदी थोडा अंश, पिवळा डोळ्यात खुपत असेल तर तपकिरी अंबर (हाही मातीचाच रंग). पांढरी भिंत हवी असेल तरी शुद्ध पांढरा ठेवू नका. पिवडीचा हलका हात दिला की आपल्या उन्हात डोळ्यांना गारवा वाटतो आणि धुळीचा पहिला थरही लपतो.

एका भिंतीचा सगळा माल एकाच मोठ्या टपात एकत्र घोटा. डबे वेगवेगळे टिंट केले तर मध्येच रंगाची पट्टी दिसते. ड्रिलला लावायचा पंखा हळू फिरवा, जोरात फिरवला की हवेचे बुडबुडे भिंतीवर टोचण्यांसारखी भोकं पाडतात. टपाच्या कडा आणि तळ खरवडून पुन्हा घोटा. शेवटी एक छोटी बरणी भरून वेगळी काढा, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावून घट्ट बंद करा. दुरुस्तीला तीच कामी येते.

हंगाम

परभणी, नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत चुन्यातलं पाणी इतक्या लवकर उडतं की तो घट्ट होण्याआधीच कोरडा पडतो आणि भुकटी धरतो. पावसाळ्यात अ‍ॅक्रिलिक वाळता वाळत नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. दिवाळीआधी चांगले कारागीर मिळत नाहीत आणि मिळाले तर घाईत असतात. भिंत दिवाळीनंतर केली म्हणून काही बिघडत नाही. उन्हाळ्यातच करावं लागलं तर पहाटे सुरू करा, पंखा बंद, खिडक्या झाकलेल्या. चुन्याच्या कामाआधी उघड्या गिलाव्यावर पाण्याचा फवारा मारा, पण पाणी ओघळू देऊ नका.

हात चालवणं

थापी स्टेनलेस स्टीलची, कोपरे गोल केलेली घ्या. साध्या लोखंडाची फिकट मालावर काळे ओरखडे सोडते आणि गंजते. पहिला थर पातळ, भिंत पूर्ण झाकायचा हट्ट न धरता. दुसरा आडव्यातिडव्या छोट्या फटक्यांनी, प्रत्येक फटक्याची दिशा बदलत. तिसरा अगदी खरवडून घ्यावा इतका पातळ. हे तिन्ही थर वाळल्यावर एकमेकांतून दिसतात, त्यातूनच खोली येते.

एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न थांबता जा. मधे चहाला थांबलात तर वाळलेल्या कडेची रेघ कायमची राहते. म्हणून जेवण करून, फोन बाजूला ठेवून सुरू करा. दोन माणसं असतील तर एकाने माल द्यावा, दुसऱ्याने लावावा. दोघांनी अर्धी-अर्धी भिंत करू नये, कारण हाताचा जोर प्रत्येकाचा वेगळा आणि तो फरक उजेडात दिसतो.

चुन्यात काम करताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. चुना डोळ्यात गेला तर चोळू नका, भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटं सतत धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. कळीचा चुना घरी विझवायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. त्याला पाणी लागलं की तो उकळतो आणि उडतो. विझवून मुरवलेलाच माल विकत घ्या. घोटायची वेळ बोटाने कळते. बोट टेकवल्यावर माल चिकटत नाही पण गार लागतो, तेव्हा थापी जवळजवळ सपाट धरून दाबत फिरवा. उशीर केला तर चमक येत नाही, घाई केली तर माल ओढला जातो.

मेण आणि देखभाल

मेण किंवा सीलर लावण्याआधी किती दिवस थांबायचं ते डब्यावर पाहा. चुन्याला जास्त दिवस लागतात. मेण बोटभर घेऊन सुती फडक्याने पसरवा आणि लगेच घासून काढा. जाड राहिलेलं मेण उन्हाळ्यात मऊ पडतं आणि धूळ धरून ठेवतं. चुन्यावर ऑलिव्ह तेलाच्या साबणाचं पाणीही चालतं. साबण आणि चुना मिळून न विरघळणारा थर तयार होतो आणि पाणी आत शिरत नाही.

नंतर पिसाऱ्याने किंवा कोरड्या मऊ फडक्याने झटकत राहा, वरून खाली. लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर चुन्याच्या भिंतीला लावू नका, आम्ल चुना खातं. खुर्ची लागून खपली उडाली तर राखून ठेवलेल्या बरणीतला माल वापरा. अ‍ॅक्रिलिकवर तेवढ्या जागी भरून वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारला की भागतं. चुन्यावर मेण काढून, खाच ओली करून पातळ थर द्या. भिंतीच्या मधोमध मोठा डाग असेल तर ठिगळ न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक पूर्ण पातळ थर फिरवा, आणि त्यासाठी रंग कालवताना वहीतलं ते पान उघडून त्याच प्रमाणाने कालवा.